बासष्ट मिलिमीटरवर

आमच्या कारखान्यात स्टेनलेस स्टीलचा एक ठोकळा तयार होतो. अर्ध्या विटेएवढा. त्यात तेलाला वाट म्हणून एक भोक पाडायचं असतं, सहा मिलिमीटर रुंद आणि नव्वद मिलिमीटर खोल. ज्यांनी कधी धातूत भोक पाडलेलं नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण एवढं बारीक ड्रिल एका दमात एवढं खोल घातलं, तर कापलेल्या धातूचे वळसे त्याच्या खाचांत गच्च बसतात, कूलंट टोकापर्यंत पोचत नाही, टोक तापतं आणि ड्रिल आतच मोडतं. म्हणून ते थोडं थोडं घालायचं. जरा कापायचं, वर यायचं, कीस बाहेर टाकायचा, पुन्हा खाली जायचं. पाखरू दाणा टिपतं तसं. याला पेक ड्रिलिंग म्हणतात. सीएनसी मशीनला हे सगळं एका ओळीत सांगता येतं: एकूण किती खोल, दर खेपेला किती, वर कुठवर यायचं आणि पुढं कोणत्या गतीनं सरकायचं.

ती ओळ लिहिणं हे माझं काम. गेली एकवीस वर्षं मी लखनौजवळ चिनहटच्या औद्योगिक भागात हेच करतो.

या ठोकळ्याची ओळ मी चुकीची लिहिली होती. दोन वर्षं ती एका माणसानं सांभाळून घेतली आणि मला कळू दिलं नाही. तो माणूस आता नाही. तो कामावरून गेला त्यात माझ्या एका वाक्याचा हात होता, हे मला कुठंतरी लिहून ठेवायचं आहे.

आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, उंच, किंचित वाकलेले. जुन्या शहरातून दोन ऑटो बदलून यायचे आणि तरी माझ्या आधी मशीनपाशी असायचे. सीएनसी येण्यापूर्वी त्यांनी वीस वर्षं हाताच्या ड्रिल मशीनवर काढली होती. तिथं लांब दांडा धरून ड्रिल खाली दाबावं लागतं, आणि धातू काय म्हणतो ते तळहाताला कळतं. नव्या मशीनला दांडा नव्हता. बंद दार, काच, आणि एक पॅनेल. पहिल्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, ‘‘साहब, यह तो ऐसा है कि निकाह हुआ और पर्दा उठाने की इजाज़त नहीं।’’

मी मूळचा अमरावतीचा. वडील सरकारी नोकरीत लखनौला आले, मी इथंच शिकलो, इथंच राहिलो. घरी मराठी, बाहेर हिंदी. मुलगा तर घरीही हिंदीतच उत्तर देतो. मी फारसा बोलका नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की पुस्तक उघडतो. उस्ताद समोर बसून माझ्या डब्यातला ठेचा मागून घ्यायचे. डोळ्यांत पाणी यायचं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढं. ‘‘लाइए, आपकी वह हरी आफ़त लाइए।’’ मग पुस्तकाकडं बघून, ‘‘इसमें ड्रिल टूटती है?’’

‘‘नहीं टूटती, उस्ताद.’’

‘‘तभी तो आप पढ़ते हैं।’’

अठरा वर्षं आम्ही असे समोरासमोर जेवलो. एवढ्या वर्षांत मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नाही, ते माझ्याकडं दोनदा आले.

ठोकळ्याचं काम आलं तेव्हा पहिला प्रोग्रॅम मी पुस्तकी लिहिला होता. दर खेपेला दोन मिलिमीटर कापायचं आणि प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर यायचं. सुरक्षित, पण संथ. ड्रिल खोल गेल्यावर वर येण्यात आणि परत खाली जाण्यातच सगळा वेळ जायचा, कापण्यात थोडाच. गिऱ्हाइकानं वेळ कमी करायला सांगितलं. मी आठवडाभर पुस्तकं चाळली, आकडे मांडले आणि ओळ बदलली. पहिला घास मोठा, ड्रिलच्या रुंदीच्या तिप्पट, कारण वरच्या भागात कीस आपोआप बाहेर पडतो. त्यानंतर केसभर उचलायचं, फक्त कीस तुटण्यापुरतं. आणि जसजसं खोल, तसतसा घास लहान. अगदी तळाकडंच पूर्ण बाहेर यायचं. एका ठोकळ्याचा वेळ जवळजवळ निम्मा झाला. गिऱ्हाइकाची माणसं बघायला आली. मॅनेजरसाहेबांनी मला पुढं केलं. उस्ताद बाजूला चिंधीला हात पुसत उभे होते. कुणीतरी त्यांनाही विचारलं, तर म्हणाले, ‘‘साहब ने मशीन को तमीज़ सिखा दी। अब बेवजह बाहर नहीं झाँकती।’’ सगळे हसले. त्या दिवशी मी फार खूश होतो.

वर्षभरानं ड्रॉइंग बदललं. ठोकळ्याच्या बाजूनं आणखी एक आडवं भोक आलं, आठ मिलिमीटरचं, खोल भोकाला मध्येच छेदणारं. त्याची वरची कड वरून मोजली तर बासष्ट मिलिमीटरवर. मी ते आधी पाडायचं ठरवलं. तसं केलं तर तिथला बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची कुसं, नंतर खोल ड्रिलनंच साफ होतो. आडव्या भोकाच्या चार ओळी मी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला घातल्या. खोल भोकाच्या ओळीला हात लावला नाही.

इथं चूक झाली. बासष्टवर ड्रिल आडव्या भोकाच्या पोकळीत उतरतं. भोकाच्या भिंती गोल, त्यामुळं उतरताना आणि पलीकडं पुन्हा धातूत शिरताना ड्रिलची एक धार कापते आणि दुसरी हवेत असते. लांब, बारीक ड्रिल अशा वेळी एका बाजूला ओढलं जातं. तेवढ्या दहा-बारा मिलिमीटरमध्ये गती कमी करायची, हे मी नव्या मुलांना फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. स्वतः विसरलो. जानेवारी होता. खाली शेडमध्ये लोखंडाला हात लावला तर चटका बसावा असा गारठा, आणि वर माझ्या ऑफिसात हीटर. मी फोनवरून विचारलं, ‘‘उस्ताद, नया वाला चला?’’

थोडा वेळ मशीनचा आवाज ऐकू आला. मग ते म्हणाले, ‘‘चल गया साहब। बैठे रहिए आप।’’

मी बसून राहिलो.

दोन वर्षं ठोकळे निघत राहिले. ड्रिल मोडल्याची तक्रार नाही, वेळ ठरल्याप्रमाणं. मी प्रोग्रॅमकडं पुन्हा बघितलं नाही. चालत्या प्रोग्रॅमला कशाला हात लावायचा?

उस्तादांचं निवृत्तीचं वय जवळ आलं. आमच्याकडं चांगल्या माणसाला दोन वर्षं वाढवून देतात. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘‘उस मशीन पर इनका रहना ज़रूरी है क्या? आप बताइए, आपका ही प्रोग्राम है।’’

खरं उत्तर मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, ‘‘प्रोग्राम सेट है सर। अब कोई भी चला लेगा।’’

हे मी त्यांचं वाईट चिंतून बोललो नाही. हे मी स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे आणि ते खरंही आहे. मी माझ्या ओळीचं कौतुक करत होतो. समोर एका माणसाच्या दोन वर्षांचा प्रश्न ठेवलेला होता, आणि मला त्यात माझा प्रोग्रॅम तेवढा दिसला.

त्यांना वाढ मिळाली नाही. फेब्रुवारीअखेर निरोपाचा चहा झाला, समोसे झाले, शाल झाली. उस्तादांनी मला मिठी मारली तेव्हा त्यांच्या स्वेटरला कूलंटचा वास होता. ‘‘मशीन का ख़याल रखिएगा। नीचे जाकर ज़रा रोती है,’’ एवढंच म्हणाले. मला ती त्यांची नेहमीची गंमत वाटली.

पुढं ठोकळ्याचं काम काही महिने थांबलं. गिऱ्हाइकाकडं साठा होता. त्या मशीनवर आम्ही दुसरे सोपे जॉब लावले. मे महिन्यात उस्तादांचा फोन आला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो.

‘‘साहब, वह ब्लॉक चल रहा है आजकल?’’

‘‘अभी बंद है उस्ताद। आप कैसे हैं?’’

‘‘हम ठीक। जब चले तो बताइएगा। एक चक्कर लगा लेंगे।’’

‘‘हाँ हाँ, ज़रूर,’’ म्हणून मी फोन ठेवला. आज वाटतं, त्यांना सांगायचं होतं. कदाचित नुसतं यायचंही असेल, घरी करमत नसेल. ते आता कळायला मार्ग नाही.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी पोहे खात असताना मुलगा माझा फोन घेऊन आला. ‘‘पापा, फ़ैक्ट्री से है।’’ उस्ताद पहाटे गेले होते. हृदय. कब्रस्तानात आम्ही कारखान्यातले सात-आठ जण होतो. माती द्यायची वेळ आली तेव्हा मला रीत ठाऊक नव्हती. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं माझं मनगट धरून तीन मुठी कशा द्यायच्या ते दाखवलं. माती ओलसर होती. घरी येऊन मी बराच वेळ हात धुतले नाहीत. बायको म्हणाली, ‘‘अहो, आंघोळीचं पाणी काढलंय,’’ आणि मग दाराशी उभी राहिली.

महिनाभरानं ठोकळ्याचं काम पुन्हा सुरू झालं. मशीनवर आता पस्तिशीचा एक ऑपरेटर होता, पूर्वी शेजारच्या मशीनवर असायचा. कामाला नीट, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी तीन ड्रिलं मोडली. मोडलेला तुकडा आत अडकला की ठोकळाही गेलाच. मी खाली गेलो आणि चारचौघांत त्याला बोललो.

‘‘दो साल यही प्रोग्राम चला है। एक ड्रिल नहीं टूटी। ध्यान कहाँ रहता है तुम लोगों का?’’

त्यानं तुकडे अडकलेले तिन्ही ठोकळे माझ्यापुढं ठेवले. ‘‘ध्यान से ही टूटी हैं साहब। तीनों एक ही जगह। आप ख़ुद चलाकर देख लीजिए।’’

ड्रिलचं टोक किती खोल गेलं होतं ते मी कॅलिपरनं मोजलं. तिन्ही बासष्टच्या आसपास. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, ड्रिलचा माल खराब आला. नवीन ड्रिल लावलं, दार बंद केलं आणि मशीन सुरू करून काचेपाशी उभा राहिलो. वरचे घास स्वच्छ गेले. मग आवाज बदलला. कुणी दातांत सुपारी फोडावी तसा एक आवाज, आणि मी आपोआप हात पुढं करून पॅनेलवरचा गतीचा नॉब मागं फिरवला. हा नॉब शंभरवर असला की प्रोग्रॅममधली गती. मागं फिरवला की तेवढी कमी, पुढं फिरवला की जास्त. आवाज खाली बसला. ड्रिल पोकळी ओलांडून पलीकडं शिरलं. मी नॉबकडं पाहिलं. साठवर होता. तिथला आकडा बोटांनी घासून निम्मा पुसला गेला होता.

माझ्यामागून तो ऑपरेटर म्हणाला, ‘‘अच्छा, यह बात थी। उस्ताद का हाथ हर वक़्त इसी पर रहता था। हम समझते थे, बुढ़ापे की आदत है, सहारा लेते हैं।’’

‘‘हर पीस पर?’’

‘‘हर पीस पर। ऊपर-ऊपर तेज़ कर देते थे, नीचे धीमा। टाइम बराबर आ जाता था। हमने एक बार छेड़ा भी था, कि उस्ताद, ऑटोमेटिक मशीन है, आप क्यों साइकिल चला रहे हैं? बोले, साहब के प्रोग्राम में नमक कम है, हम ऊपर से डाल लेते हैं।’’

मी तिथल्या स्टुलावर बसलो. सगळी शेड चालू होती.

म्हणजे वर मिळवलेले सेकंद ते खाली खर्च करत होते, आणि माझ्या कागदावरचा आकडा बरोबर राहत होता. दिवसाला साठ-सत्तर ठोकळे. दोन वर्षं. त्यांना एकदा वर येऊन सांगता आलं असतं की साहेब, या ओळीत चूक आहे. का सांगितलं नाही? मला लाजवायचं नव्हतं? की त्यांना ती चूकच वाटली नाही, कारण आयुष्यभर दांडा धरलेल्या माणसाला धातू सांगेल तसा हात हलवणं हेच ड्रिलिंग? की सांगूनही काय, हे तर पुस्तकात डोकं घालून बसतात, असं वाटलं? यातलं कुठलंही उत्तर मी निवडू शकत नाही. मला सोयीचं असेल तेच मी निवडेन, अशी भीती वाटते.

त्या दुपारी मी ओळ बदलली. एकाच्या तीन केल्या. साठ मिलिमीटरपर्यंत एक, वरच्या घासांना आधीपेक्षा जास्त गती. साठ ते बाहत्तर दुसरी, गती साठ टक्के, आणि त्या बारा मिलिमीटरमध्ये मध्येच वर उचलणं नाही. अर्धवट पोकळीत ड्रिल पुन्हा पुन्हा टेकवलं तरी मोडतं. मग तळापर्यंत तिसरी, घास लहान, दर वेळी पूर्ण बाहेर. ही विद्या नवी नव्हती. त्यांचा हात जे करत होता ते मी आकड्यांत उतरवलं. वेळ पूर्वीएवढाच आला. संध्याकाळपर्यंत एकही ड्रिल मोडलं नाही. ऑपरेटर नॉबला हात न लावता हाताची घडी घालून उभा होता. ‘‘अब सही में कोई भी चला लेगा,’’ तो म्हणाला. त्याला माझं केबिनमधलं वाक्य माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘चलिए, अब ठीक हो गया ना,’’ म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. खरंच, कारखान्यापुरता तो संपलाच होता.

घरी मी चार-पाच दिवस नीट जेवलो नाही. शेवटी बायकोला सांगितलं. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाली, ‘‘हे मला सांगून काय उपयोग? त्यांच्या घरी जा.’’

‘‘जाऊन काय म्हणू?’’

‘‘आत्ता मला म्हणालात तेच.’’

रजा काढून गेलो. जुन्या शहरातल्या एका गल्लीत दुमजली घर, खाली शिलाईचं दुकान, वर ते. उस्तादांच्या पत्नीनं दार उघडलं. मी कारखान्यातला म्हटल्यावर लगेच ओळखलं. ‘‘आप किताब वाले साहब हैं।’’ बसवलं, चहा ठेवला. भिंतीवर निरोपाच्या दिवशीचा फोटो होता, शाल पांघरलेला. त्यात त्यांच्या शेजारी मी हसतो आहे.

मी हिंदीतच सांगितलं, जमेल तसं. मशीन, भोक, नॉब. त्यांना त्यातलं किती समजत होतं ठाऊक नाही, पण त्या माझ्या हातांकडं बघत होत्या, कारण बोलताना माझा उजवा हात आपोआप नॉब फिरवत होता. मग केबिनमधलं वाक्य सांगितलं. ते सांगताना मी चहाच्या कपाकडं बघत होतो.

‘‘यह तो हमें मालूम है,’’ त्या म्हणाल्या.

मी मान वर केली.

‘‘मैनेजर साहब ने उनसे कहा था, कि प्रोग्राम वाले साहब भी यही कहते हैं। घर आकर बताया। मैंने कहा, अठारह बरस साथ खाना खाया और यह सिला दिया? तो मुझ पर बिगड़ गए। बोले, साहब ने सच कहा है, अच्छा काम वही है जो हमारे बाद भी चले।’’

मी कप बाजूला सरकवला. मग म्हटलं, ते खरं नव्हतं. त्यांच्याशिवाय ते चालत नव्हतं. त्यांच्यामागं पहिल्याच दिवशी बंद पडलं. चूक माझी होती, काम त्यांचं होतं, आणि मी ते माझं समजलो.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

‘‘तो यह बात उनसे कहते, भाई साहब।’’

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. खाली शिलाई मशीन चालायचं थांबलं, पुन्हा सुरू झालं. मी ‘हो’ म्हणालो, मराठीत, आणि त्यांना ते कळलं असावं.

चहा निवला होता. मी उठायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बैठिए अभी। बेटी स्कूल में पढ़ाती है, दो बजे आती है। उसके दिल में यही बैठा है कि अब्बा को नाकारा समझकर हटाया। आठ महीने अब्बा से यही बहस करती रही। मुझसे यह मशीन-वशीन की बात नहीं बताई जाएगी। आप ही बताइए उसको। जैसे मुझे बताया, हाथ घुमाकर।’’

सव्वाबारा वाजले होते. त्यांनी निवलेला कप उचलला आणि दुसरा चहा ठेवायला आत गेल्या. मी परत बसलो.